दादाच्या जोडणीतलं एपॉक्सी

माझ्या सख्ख्या भावानं मला फसवलं, आणि तेही एपॉक्सीनं. दारू, जुगार, बाहेरची भानगड यातलं काही असतं तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. माणसं घसरतात. पण दादानं गिटारच्या मानेवर एपॉक्सी लावलं, शेजारी सरसाचं भांडं तापत ठेवलं ते केवळ मला वास यावा म्हणून, आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायला. वर म्हणाला, साखर कमी आहे.

तुम्ही म्हणाल, गोंद तो गोंद, त्यात एवढं कुठलं आकाश कोसळलं? म्हणून आधी थोडं सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेडाचा झटका वाटेल.

गिटारच्या मानेवर कठीण लाकडाची एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. लोक तिला फिंगरबोर्ड म्हणतात, आम्ही नुसतं पट्टी म्हणतो. फ्रेट, म्हणजे सुरांच्या धातूच्या आडव्या कांड्या, तिच्यात ठोकलेल्या असतात, बोटं तिच्यावर फिरतात. पट्टीच्या खाली, मानेच्या पोटात खाच असते आणि त्या खाचेत एक लोखंडी सळई. तारांच्या ओढीनं मान वाकायला लागली की टोकाला चावी लावून ही सळई पिळायची, मान सरळ होते. सळई बिघडली किंवा पट्टीला भेग गेली की पट्टी काढण्यावाचून इलाज नसतो. आमच्या दुकानात काढणारी मी आणि चिकटवणारा दादा. तो जोडतो, मी उघडते, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. माझा संसार दीड वर्षात सुटा झाला तेव्हा दादाच म्हणाला होता, "तुझ्या हाताला उघडायचा गुण दिसतोय. रडत बसू नकोस, दुकानात ये." मी खूप भांडले त्याच्याशी, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गेले.

तर ज्या दिवशी हे एपॉक्सी उघडकीला आलं, त्या दिवसापासून आमच्यापुढे एकच प्रश्न होता. दादानं यापुढे जोडायचं की नाही? आणि दादाकडून जोडणं काढून घेतलं तर मागं काय उरतं ते मला चांगलं ठाऊक आहे. घोरणं आणि कुरकुर.

दादाला गिटार वाजवता येत नाही. एक अर्धवट धून येते, तीही चुकीची, आणि ती तो गेली कित्येक वर्षं प्रत्येक दुरुस्त गिटारवर वाजवून बघतो. तरुणपणी तो खुर्च्यांच्या कारखान्यात होता. तिथं सरस शिकला. सरस म्हणजे जनावरांच्या कातडीपासून काढलेला जुना गोंद. खडे रात्रभर भिजवायचे, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवायचे, गरम असतानाच लावायचं आणि गार व्हायच्या आत दाबून बसवायचं. वास असा की आमच्या वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आहे, त्याच्या पेशंटना वाटतं हा वास त्यांच्याच तोंडाचा. डॉक्टर अधूनमधून जिन्यातून ओरडतो. दादा खालून ओरडतो, "तुमच्या ड्रिलचा आवाज आम्ही ऐकतो ना?" दोघंही एकमेकांची गिऱ्हाइकं आहेत, त्यामुळे प्रकरण तिथंच मिटतं.

गिऱ्हाईक हल्ली सगळं वाचून येतं. उंटावरून शेळ्या हाकणारे खूप. एकानं दादाला सांगितलं, पट्टी चिकटवायला एपॉक्सीच बरं, कारण सरसात पाणी असतं, पांढऱ्या गोंदातही पाणी असतं, ते पाणी लाकूड पितं, फुगतं आणि मान उलटी वाकते. दादानं त्याला खुर्ची दिली. म्हणाला, "खरं आहे. पाणी असतं, मान वाकू शकते. म्हणून लाकूड आधी कोमट करायचं, सरस जाड ठेवायचा, हात पटापट चालवायचा. आणि एपॉक्सीत पाण्याचा थेंब नाही, मान सुतासारखी सरळ राहील, हेही खरं. पण उद्या तुमची सळई तुटली तर?"

"तर काय?"

"तर ही माझी बहीण आहे ना, तिला विचारा."

मी सांगितलं. सरसानं लावलेली पट्टी इस्त्रीची ऊब आणि थोडी वाफ दिली की उठते. पातळ सुरी आत सरकते, कुरकुर असा आवाज येतो, लाकडाचं लाकूड राहतं. पांढरा गोंदही उष्णतेनं मऊ पडतो, जरा चिवट, तारा निघतात, पण सोडतो. एपॉक्सी मात्र वाफेला भीक घालत नाही. त्याला इतकं तापवावं लागतं की वरची पट्टी करपते, पट्टीत बसवलेले खुणेचे ठिपके उडून पडतात, आणि शेवटी ते सुटतं तेव्हा मानेचं लाकूड उपटून घेऊन सुटतं. दादा त्या माणसाला एवढंच म्हणाला, "लावणाऱ्यानं उघडणाऱ्याचा विचार करावा. नाहीतर खिळे मारा, तेही घट्ट बसतात."

हा माणूस. हाच. म्हणून मला एवढा राग आहे.

मास्तरांची गिटार आली ती एका सकाळी. मास्तर शाळेत मुलांना संगीत शिकवतात, भिडस्त आहेत, दुकानात येतानाही दार वाजवून येतात. त्यांच्या गिटारची पट्टी दादानंच मागे नवीन बसवली होती. आता मान पुढे वाकली होती, तारा पट्टीपासून इतक्या वर की खालून बोट जाईल. मी चावी लावून सळई पिळायला गेले तर ती ढिम्म हलेना. जरा जोर केला, टोक मोडून माझ्या हातात आलं.

"ताई, मोडली?" मास्तर म्हणाले.

"सळई मोडली. पट्टी काढू, नवी घालू. दादाची जोडणी आहे, लोण्यासारखी उघडेल. चार दिवसांनी या."

आता ऐका. अनोळखी जोडणी उघडण्याआधी मी नेहमी एक गोष्ट करते. गिटारच्या आत, पट्टीच्या टोकाशी थोडासा गोंद बाहेर आलेला असतो, त्याच्यावर गरम पाण्याचा थेंब ठेवते. सरस असेल तर चिकट होतो आणि त्याचा वास सुटतो, पांढरा असेल तर दुधासारखा होतो, एपॉक्सी असेल तर थेंब नुसता बसून राहतो. एवढं केल्याशिवाय मी इस्त्री हातात घेत नाही. पण दादाच्या जोडणीवर मी कधीच थेंब ठेवला नाही. भावाच्या कामाची परीक्षा घ्यायची असते का? घरातला माणूस आला की आपण दारात ओळखपत्र मागत नाही. दुसऱ्या कुणाची जोडणी असती तर ही चूक झाली नसती.

तारा काढल्या, पट्टीवर इस्त्री ठेवली, थांबले. सुरी घालून बघितली. काही नाही. म्हटलं, दादाचा सरस जुना झाला की हट्टी होतो. पुन्हा इस्त्री. वाफ दिली. लाकूड फुगायला लागलं पण जोड हलेना. मग मला वाटलं माझंच काही चुकतंय, ऊब कमी पडतेय. इस्त्रीची आच वाढवली. एक ठिपका टप्पकन उडाला आणि फरशीवर पडला. मग वास आला. सरसाचा नाही. जळक्या प्लास्टिकचा, नाकात जाऊन बसणारा, आणि हा वास मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तरीही माझा विश्वास बसला नाही हो. मी इस्त्री बंद केली, ब्रश घेतला, सरसाच्या भांड्याजवळ जाऊन वास घेतला, परत आले, परत वास घेतला. मग जे करायचं ते केलं: मान गिटारपासून सुटी केली, इस्त्री पुन्हा तापवली, सुरी रेटली. पट्टी निघाली. निम्मी करपली होती. मानेच्या लाकडाचं बोटभर रुंदीचं सालपट तिच्यासोबत उपटून आलं. आणि मधे पिवळट, काचेसारखा थर. कुठं पातळ, कुठं नाण्याएवढा जाड. तो थर खाचेत उतरला होता आणि सळई त्यात गाडली गेली होती. म्हणून ती फिरत नव्हती. मास्तरांची गिटार काळानं बिघडली नव्हती. ती आमच्याच दुकानात, माझ्या टेबलापासून चार हातांवर बिघडली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती मला उठून आत जाताना जाणवली. दादा मागच्या खोलीत रंध्याचं पातं दगडावर घासत होता. मी ती मान त्याच्यापुढे आपटली.

"हे काय आहे?"

त्यानं बघितलं नाही. अंगठा फिरवला. अंगठा त्या जाड थरापाशी थांबला.

"एपॉक्सी," तो म्हणाला.

"ते मला दिसतंय. लावलं कुणी?"

"मी."

त्यानं आढेवेढे घेतले असते, दुसऱ्या कुणी मधे उघडली असेल म्हणाला असता, तर मला बरं वाटलं असतं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायची माझी तयारी होती. सरळ कबुलीचं काय करायचं ते सुचेना, म्हणून मी जास्तच ओरडले. तू माणूस आहेस का, म्हटलं. आयुष्यभर लोकांना शिकवलंस आणि स्वतः शेण खाल्लंस. त्या मास्तरांना मी काय तोंड दाखवू? मुलं वाट बघतायत तिकडे. शिवाय ते सरसाचं भांडं! ते कशाला तापवत होतास, आरती ओवाळायला? दादा पातं पुसत बसला. वर डॉक्टरचं ड्रिल थांबलं, म्हणजे तोही ऐकत होता.

"अगं, हळू," दादा म्हणाला.

"हळू? किती गिटारींना लावलंस?"

"बऱ्याच."

मी बोट नाचवून पुढचं बोलणार तेवढ्यात शेजारच्या घरातून वहिनी दारात आली. हातात ओला टॉवेल होता, बहुतेक धावतच आली होती. म्हणाली, "ओरडू नका वन्सं. यांना दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"मधलं. मधलं दिसत नाही यांना."

मग कळलं. डोळ्यांच्या मधोमध धूसर डाग धरलाय, दोन्हीकडे. कडेचं दिसतं, समोरचं जातं. माझा चेहरा बघायचा असेल तर त्याला माझ्या कानाकडे बघावं लागतं. वाढेल म्हणतात, बरं व्हायचं नाही म्हणतात. वहिनीला माहीत होतं. औषधवाल्याला माहीत होतं. हार्डवेअरच्या दुकानातून एपॉक्सीच्या त्या दोन नळ्या वहिनीच आणायची, मोरीच्या फरशा बसवायच्या आहेत सांगून. त्या दुकानदाराला वाटत असेल यांची मोरी महालाएवढी आहे. अळीमिळी गुपचिळी, सगळ्यांची मिळून, मला सोडून.

"रंधा हातानं चालतो गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज चिडका होता, रडका नव्हता, त्याबद्दल मी आभारी आहे. "हाताला कळतं. पण शेवटी दोन लाकडं मिळाली का नाही ते डोळ्यानंच बघावं लागतं. सरसाला फट चालत नाही, कागदाएवढीही नाही. तो सोडून देतो. एपॉक्सी फट भरतं. लाकडं नाही मिळाली तरी धरून ठेवतं. मग दुसरं काय लावणार होतो मी?"

"मला सांगायचंस!"

तो हसला. "तुला? पुलापलीकडचा तो गिटारदुरुस्तीवाला आला होता, त्याला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर काय म्हणालीस? एपॉक्सी लावणारा कारागीर नव्हे, पंक्चरवाला. तो परत आला का कधी?"

आला नाही. येऊ नये म्हणूनच मी तसं म्हणाले होते. मी चुकीचं बोलले असं मला त्या क्षणी वाटलं नाही आणि आत्ताही वाटत नाही. पंक्चरवाल्याला पंक्चरवाला म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मी तसं दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बघ, हेच." आणि उठून, टेबलाच्या कडेला हात लावत लावत, बाहेर गेला. इतके दिवस तो असा हात लावत चालतो आणि मला वाटायचं टेबलावरची धूळ बघतोय.

दुसऱ्या दिवसापासून दादा काउंटरवर बसायला लागला. अंगात कामाचा एप्रन नाही, स्वच्छ शर्ट. कुणी आलं की म्हणायचा, "जोडणं बंद आहे. तारा हव्या तर घ्या." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत. मी विचारलं, बंद कुणी केलं? तो म्हणाला, तूच केलंस, ओरडत होतीस ना. मी म्हटलं, मी एपॉक्सी बंद कर म्हणाले, जोडणं बंद कर म्हणाले नाही. तो म्हणाला, एकच आहे. असं आमचं काउंटरच्या दोन बाजूंनी चालायचं आणि गिऱ्हाईक तारांचं पाकीट घेऊन पळायचं.

मग सगळ्यांनी मला शहाणपण शिकवलं. डॉक्टर जिन्यात गाठून म्हणाला, त्यांना फोन घ्यायला बसवा, माणूस गुंतलेला राहतो. फोन! ज्या माणसाला गिऱ्हाइकाशी दुसरं वाक्य बोलायचा कंटाळा येतो त्याला. वहिनीनं तर कमाल केली. स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं, एक करा. यांना जोडू दे, सरसानंच. मिळालं म्हणा. मग हे घरी आले की तुम्ही उघडा आणि बाहेरच्या कुणाकडून नीट करून घ्या. यांना कुठं दिसणार आहे?"

मी वहिनीकडे बघतच राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं हे प्रेमानंच सुचवलं होतं, मला कळतं. तरी माझ्या डोक्यात सणक गेली. "म्हणजे त्यानं मला फसवलं, आता मी त्याला फसवायचं?" मी म्हटलं. "तो आंधळा होईल तर होईल वहिनी, पण त्याला मूर्ख मी नाही बनवणार."

"मग काय करणार? घरात बसवणार?"

मी स्वतः जोडायचा प्रयत्न केला, लपूनछपून नाही, चांगला काउंटरवरून दिसेल असा. फुकट गेलेल्या लाकडावर रंधा चालवला. इतकी वर्षं बघितलंय, पण बघणं वेगळं. एक बाजू खोल, दुसरी उंच, मधे पोट. दादा काउंटरवरून नुसता आवाज ऐकत होता. "रंधा रडतोय," तो म्हणाला. मी रंधा टेबलावर टाकला आणि त्याला विचारलं की तुझं तोंड कधी बंद होणार. खरं सांगू, मला त्या दिवशी रागापेक्षा भीती वाटली. दादा बसला की दुकान बसणार, आणि मी उघडण्यात कितीही तरबेज असले तरी न जोडता नुसतं उघडून कुणाचं पोट भरत नाही. पण दुकानाचं सोडा. तो स्वच्छ शर्ट मला बघवत नव्हता.

मास्तर आले, दार वाजवून. मी त्यांना सगळं सांगितलं. गिटार आमच्याकडे बिघडली, पट्टी माझ्या हातून करपली, दादाला दिसत नाही. एकही शब्द गाळला नाही, दादा ऐकत होता तरी. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल, चिडायलाच हवं. तर मास्तर म्हणाले, "नवी पट्टी बसवाल ना? दादांनी बसवली होती, दादाच बसवतील."

"मास्तर, ऐकलंत ना मी काय सांगितलं?"

"ऐकलं. मुलांना सांगतो, उशीर होईल."

लोक चांगले वागले की मला जास्त राग येतो. त्यांच्या पाठीमागे दार लावलं, आतल्या खुंटीवरचा एप्रन काढला आणि दादाच्या अंगावर फेकला.

"ऊठ."

"कशाला?"

"ऐकलंस ना? दादाच बसवतील म्हणतायत. ऊठ. मी सरस तापवते."

"फट राहील."

"राहू दे. ऊठ आधी."

तो उठला. मानेचं उपटलेलं लाकूड मी आधीच भरून ठेवलं होतं, तेवढं मला जमतं. नवी सळई खाचेत बसवली होती. नवी पट्टी शिसवाची, काळी, जड. ती मी त्याच्या हातात दिली. त्यानं ती गालाला लावून बघितली, कशासाठी ते त्यालाच माहीत. मग रंधा धरला. आणि सांगते तुम्हाला, तो आवाज वेगळाच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबलचक, मधे कुठं अडखळणं नाही. कागदासारखी साल वळून खाली पडत होती. वहिनी दारात येऊन उभी राहिली. मी दिव्याखाली गिटारची मान कोमट करायला ठेवली, सरसाचं भांडं ढवळलं.

आमच्या धंद्यात दोन लाकडं नीट मिळाली का ते बघायची रीत सोपी आहे. एकावर एक ठेवायची, खिडकीसमोर धरायची. मधून उजेड आला तर फट आहे. दादानं पट्टी मानेवर ठेवली, दोन्ही मिळून खिडकीकडे धरली. स्वतःची मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेनं बघायचा प्रयत्न केला, परत सरळ केली. मी बघत होते. त्याला खिडकीही नीट दिसत नव्हती.

"जमलं," तो म्हणाला आणि खाली ठेवायला लागला.

"दिसलं तुला?"

त्यानं पट्टीवरची धूळ फुंकली.

"मग जमलं कसं म्हणालास? परत धर. आणि मला विचार."

"काय विचारू?"

"तुला माहीत आहे काय विचारायचं ते."

या माणसानं आयुष्यात मला कामातलं काही विचारलं नव्हतं. आईचं औषध कुठं ठेवलंय असं विचारलंय, किल्ली कुठाय असं विचारलंय. त्याचा जबडा हलत होता. त्यानं लाकडं पुन्हा खिडकीसमोर धरली, तोंड भलतीकडे करून, आणि विचारलं, "उजेड येतोय?"

वहिनी दादाच्या पाठीमागून मला मान हलवून सांगत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. तिचे हात जोडलेले होते.

"येतोय," मी म्हटलं.

वहिनीनं तोंड फिरवलं. दादाच्या मानेवरची शीर उठली. मला वाटलं तो लाकडं फेकणार, आणि त्यानं फेकली असती तर मीही काहीतरी फेकलं असतं.

"कुठं?" तो म्हणाला.

"तुझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यापासून चार बोटं आत. टाचणीएवढा."

त्यानं पट्टी उलटी केली, अंगठ्यानं ती जागा शोधली, मी नखानं त्याचा अंगठा जरा सरकवला. रंधा दोनदा फिरला. परत खिडकी.

"येतोय?"

"येतोय. आता उजवीकडे. तू मधे जास्त घेतलंस."

"मी नाही घेतलं जास्त."

"घेतलंस."

तो पुटपुटला, काय ते मी ऐकलं, लिहिणार नाही. परत रंधा. परत खिडकी. असं आम्ही करत राहिलो, भांडत भांडत. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. वहिनी खुर्ची ओढून बसली. मधे एकदा तो म्हणाला तू मुद्दाम सांगतेयस, मला थकवायला. मी म्हटलं, तुला थकवायला मला दुसरे मार्ग येतात. आणि मग एकदा त्यानं लाकडं धरली आणि मी वाकून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, डोळे पुसून परत बघितलं. दोन लाकडांच्या मधे काळी रेघ होती. नुसती काळी रेघ.

"नाही येत," मी म्हटलं.

तो हलला नाही. लाकडं तशीच धरून उभा. "खोटं बोलू नकोस."

"मी कधी बोलले?"

मग माझ्या कानाकडे बघत म्हणाला, "नाही बोललीस. म्हणून तर तुला सांगायची भीती वाटत होती."

मला पुन्हा राग आला. मी सरसात ब्रश बुडवला, दादाची मूठ उघडली आणि ब्रश तिच्यात खुपसला.

"गार होतोय तो," मी म्हटलं. "लाव."